पेटीबाहेरची वर्षं

"नऊ महिन्यांचा झाला ना गं? मग बसत कसा नाही अजून?"

जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकूंनी हे विचारलं तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीच्या कडेवर तिचा मुलगा होता. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. बहीण "बसेल हो" एवढंच म्हणाली, वर आली, दार लावलं आणि तिने मला फोन केला. "ताई, खरं सांग, याच्यात काही कमी आहे का?"

उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच होतं, फक्त आम्हाला ते वाचता येत नव्हतं. तिचा मुलगा १२ ऑक्टोबरला जन्मला, तिसाव्या आठवड्यात, ११८० ग्रॅम वजनाचा. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती २१ डिसेंबर. त्या जुलैत सगळा शेजार त्याला नऊ महिन्यांचा धरत होता, आणि त्याची मान, त्याची पाठ, त्याचा मेंदू मात्र पावणेसात महिन्यांच्या हिशेबाने चालले होते. पावणेसात महिन्यांचं बाळ पुढे हात टेकून जेमतेम बसतं. तोही तसंच बसत होता.

डॉक्टर याला दुरुस्त वय म्हणतात. जन्मापासूनच्या वयातून, जितके आठवडे लवकर आला तितके वजा करायचे. मान कधी धरली, पालथा कधी पडला, पहिलं पाऊल कधी टाकलं, हे सगळं दोन वर्षांचा होईपर्यंत याच वयाने मोजायचं. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. इथे घराघरांत उलटं होतं. वाढ जन्मतारखेने मोजून आईला घाबरवतात आणि लस "अजून केवढासा आहे" म्हणून पुढे ढकलतात. खरं तर ज्याला आईकडून मिळणारी रोगांविरुद्धची शिदोरी अर्धीच मिळाली, त्याला लशीची गरज इतरांपेक्षा जास्त.

आपल्याकडे अशा बाळाला सातमाशी, अठमाशी म्हणतात. जुनी बायकामाणसं अपुऱ्या दिवसांचं म्हणतात, आणि मला तोच शब्द सर्वांत नेमका वाटतो. सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही समजूत मी माझ्या आजीकडून ऐकली आहे. ती साफ चुकीची आहे. पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या पदरात काही ना काही टाकतच असतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा साधारणपणे बऱ्या परिस्थितीत असतं.

शेवटच्या दहा-बारा आठवड्यांत पोटात काय चाललेलं असतं, ते एकदा नीट पाहिलं की पुढच्या सगळ्या आजारांचा उगम सापडतो. फुप्फुसांतले बारीक फुगे श्वास सोडल्यावर चिकटून मिटू नयेत म्हणून आतून एक स्निग्ध अस्तर तयार होतं. आई आपल्या रक्तातलं लोह बाळाच्या स्वाधीन करते, ते त्याला पुढचे काही महिने पुरतं. हाडांत चुना भरतो. कातडीखाली चरबीचा थर येतो, ती बाळाची पहिली गोधडी. गुळगुळीत मेंदूला घड्या पडतात. डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे सरकत जातात. मूत्रपिंडातल्या गाळण्या घडतात, आणि साधारण छत्तिसाव्या आठवड्यानंतर नवी गाळणी कधीच तयार होत नाही. मध्येच नाळ तुटली की ही सगळी कामं जिथल्या तिथे थांबतात, आणि उरलेलं काम उजेडात, आवाजात, सुयांच्या टोचणीत पुरं करावं लागतं.

फुप्फुसांचा प्रश्न विज्ञानाने बऱ्यापैकी सोडवला. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पाच-साडेपाच आठवडे आधी. फुप्फुसं मिटत गेली आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाचं मूल ३९ तासांत गेलं. त्या अस्तराच्या अभावीच बाळं गुदमरतात, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. पण अस्तर बाहेरून पुरवायची वाट सापडली ती १९८० मध्ये, जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांना. त्याआधी न्यूझीलंडच्या लिगिन्स यांना मेंढ्यांवर प्रयोग करताना एक कोकरू दिसलं होतं. अवेळी जन्मूनही ते श्वास घेत होतं, कारण त्याला पोटातच स्टेरॉईड मिळालं होतं. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये हाच उपाय मातांवर सिद्ध केला. आज अवेळी कळा सुरू झालेल्या बाईला ते इंजेक्शन वेळेत मिळालं, तर बाळाची अर्धी लढाई पोटातच होते. औषध स्वस्त आहे. अडतं ते वेळेत दवाखान्यात पोचण्यापाशी.

२०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे भरण्याआधी जन्मली. त्यांतली ३० लाखांहून अधिक भारतात. दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नाहीत. त्यांतली बहुतेक आता जगतात. म्हणूनच प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे.

गेल्या वर्षभरात मी या मुलांच्या तपासण्यांच्या बऱ्याच ओपीडींमध्ये जाऊन बसले. सर्वांत जास्त वेळ डोळ्यांच्या ओपीडीत गेला, आणि तिथलीच एक दुपार मनातून जात नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्यातून आलेली बाई होती. मांडीवर साडेचार महिन्यांची मुलगी. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली, वीस दिवस उबेच्या काचपेटीत, मग घरी. मुलगी गुटगुटीत झाली होती, आवाजाकडे मान वळवत होती. आईला एवढंच खटकलं होतं, की ती तोंडाकडे बघून हसत नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. पडदा सुटला होता, दोन्ही डोळ्यांचा.

सुट्टीच्या कार्डावर 'डोळे तपासणी' असं लिहिलेलं होतं. तारीख टाकलेली नव्हती. आणि घरात एक जुना नियम होता. बाळंतिणीने आणि बाळाने सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात ते दोन आकडे समोरासमोर उभे आहेत. सव्वा महिना म्हणजे चाळीसेक दिवस. डोळ्यांची पहिली तपासणी व्हायला हवी तिसाव्या दिवसापर्यंत. जन्मवजन दोन किलोंच्या आत असेल किंवा बाळ ३४ आठवड्यांच्या आधी आलं असेल, तर ती चुकवायची नाही. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाळाला सांभाळण्यासाठी जो रिवाज घातला, तोच इथे आडवा येतो. तो नियम पाळायला लावणाऱ्या त्या घरातल्या आजीला मी दोष देत नाही. तिने तिला माहीत असलेली माया केली. दोष त्या कोऱ्या तारखेचा आहे.

डोळ्यांचा हा आजार होतो तो असा. पोटात प्राणवायू बेताचा असतो, आणि त्या बेताच्या वातावरणातच डोळ्याच्या रक्तवाहिन्या शांतपणे वाढतात. बाळ बाहेर येतं, नळीतून प्राणवायू मिळतो, वाहिन्यांची वाढ थबकते. काही आठवड्यांनी उपाशी पडदा हाका मारू लागतो आणि मग वेड्यावाकड्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्या पडद्याला ओढून सोडवतात. १९४० आणि १९५०च्या दशकांत श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत पेटीत मुक्तहस्ते प्राणवायू सोडला जाई आणि त्यात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली. गायक स्टीव्ही वंडर त्यांतलेच. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये प्राणवायूकडे बोट दाखवलं तेव्हा कुठे नळ आवळले गेले. आपल्याकडे ही साथ उशिरा आली, कारण आपल्याकडे ही बाळं आता आता जगू लागली. इथे तुलनेने मोठ्या, दीड-पावणेदोन किलोंच्या बाळांनाही हा आजार होतो. प्राणवायू मोजून द्यायची यंत्रं सगळीकडे नाहीत, हे त्याचं मोठं कारण. वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने डोळे वाचतात. पण लेझरची वेळ आली की दोन-तीन दिवसांत ते व्हावं लागतं. इतकी अरुंद खिडकी दुसऱ्या फार थोड्या आजारांत असेल.

माझ्या भाच्याची तपासणी पेटीत असतानाच झाली, सतराव्या दिवशी. आम्हाला ती फार क्रूर वाटली होती. डोळ्याच्या पापण्या चिमट्याने उघड्या धरलेल्या, बाळ आकांत करतंय. बहिणीला खोलीबाहेर थांबायला सांगितलं होतं. ती आत गेली.

पहिल्या वर्षातल्या बाकीच्या अडचणी एकेकट्या छोट्या असतात, पण त्या एका रांगेत येतात. श्वास घ्यायचं विसरून जाणं ही त्यांतली पहिली. मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं. बाळ झोपेत पंधरा-वीस सेकंद थांबतं, निळं पडतं. त्यावर औषध काय, तर कॅफीन, आपल्या कॉफीतलंच. सिस्टर त्याला "कॉफीचे थेंब" म्हणायच्या. २००६ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं, की कॅफीन मिळालेल्या बाळांची फुप्फुसं कमी बिघडली आणि पुढे हातापायांचा लुळेपणाही कमी राहिला. मग लोहाचे थेंब. शी काळी होते म्हणून कितीतरी घरांत ते मध्येच बंद होतात आणि बाळ पांढरंफटक पडतं. मुलग्यांमध्ये हर्निया. आणि प्रत्येक सर्दी छातीत उतरणं. जन्मताच महिना-दीड महिना यंत्रावर श्वास घेतलेल्या फुप्फुसांवर व्रण राहतात. घरातल्या मोठ्यांची साधी शिंक त्या बाळाला पुन्हा प्राणवायूवर नेऊ शकते. बहिणीने वर्षभर कुणालाही हात धुतल्याशिवाय मुलगा घेऊ दिला नाही. तिला लोक तुसडी म्हणाले. तिने म्हणू दिलं.

दूध हा वेगळाच अध्याय आहे. या बाळांच्या कोवळ्या आतड्यांना पावडरच्या दुधाने कुजण्यापर्यंतचा आजार होऊ शकतो; आईचं दूध हे तिथे अक्षरशः औषध ठरतं. आईला दूध येत नसेल तर दुसऱ्या आईचं. याच विचाराने डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. महापालिकेच्या रुग्णालयात, गरिबांच्या बाळांसाठी. या गोष्टीचा मला मराठी माणूस म्हणून फार अभिमान वाटतो.

तसाच अभिमान गडचिरोलीचा. १९९३ ते १९९८ या काळात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. पेटी नव्हती, यंत्र नव्हतं. होती ती उबदार पिशवी, श्वास मोजायचं साधं साधन, वजनकाटा, स्वच्छ हात, आणि घरी पुन्हा पुन्हा जाऊन बघायची चिकाटी. नवजात मृत्यू हजारी ६२ वरून पंचवीसच्या आसपास आले. आधी अपुऱ्या दिवसांच्या दर तीन बाळांपैकी एक जाई, ते प्रमाण दहात एकापर्यंत उतरलं. देशभरातल्या आशाताई आज बाळ-बाळंतिणीच्या घरी जातात, त्याचं मूळ इथे आहे.

आणि छातीशी धरणं. कोलंबियातल्या बोगोता शहरात १९७८ मध्ये एडगर रे या डॉक्टरांकडे पेट्या अपुऱ्या होत्या. त्यांनी बाळं आयांच्या छातीवर कातडीला कातडी लावून बांधली. तो अडचणीतला मार्ग आज पहिला मार्ग ठरला आहे. २०२१ मध्ये पाच देशांतल्या पाच रुग्णालयांतली चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी घेतलं, तर मृत्यू एक चतुर्थांशाने घटले. बोगोतातच पुढे झालेल्या एका चाचणीतल्या मुलांना वीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा छातीशी वाढलेली मुलं शाळा कमी बुडवणारी आणि कमी आक्रमक निघाली. माझा मेहुणा रोज कामावरून येऊन सदरा काढून दोन तास बसायचा. वॉर्डातल्या बाकीच्या बापांना आधी संकोच वाटला, मग तेही बसू लागले.

हातापायांकडे कसं बघायचं, हे मला एका फिजिओथेरपिस्टबाईंनी शिकवलं. त्या म्हणाल्या, आईला विचारा, लंगोट बांधताना मांड्या सुटतात का? मूठ सतत आवळलेली असते का? उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात का? अवेळी जन्मलेल्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेला, पायांकडे जाणाऱ्या तंतूंचा रस्ता असतो आणि रक्तस्राव किंवा रक्ताचा तुटवडा नेमका तिथेच घाव घालतो. लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ मध्येच अवेळी जन्म आणि पायांचा ताठरपणा यांचा संबंध मांडला होता. आजही पुष्कळ मुलं चवड्यांवर चालू लागल्यावरच आणली जातात. दीड-दोन वर्षांची झालेली असतात तेव्हा. घरात सांगितलेलं असतं, "याचे बाबाही उशिराच चालले." ताठरपणा चौथ्या-पाचव्या महिन्यात ओळखता आला तर व्यायामाने, पट्ट्यांनी पुष्कळ फरक पडतो. कानांतला दोष तर दिसतच नाही. जन्मल्यावर यंत्राने तपासल्याशिवाय बहिरेपणा कळायला दोन वर्षं जातात, आणि तोवर भाषेचे दिवस निघून गेलेले असतात.

मग मूल चालतं, बोलतं, शाळेत जातं. फाईल कपाटावर जाते. मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते या टप्प्याबद्दल, कारण इथे कुणीच बघत नसतं.

बघितलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाने. १९८७ ते १९८९ या काळात दोन किलोंपेक्षा कमी वजनाची जी बाळं तिथल्या नवजात विभागातून घरी गेली, त्यांना डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी सोडलं नाही. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी पुन्हा शोधून काढलं. शहरात घरं बदलतात, पत्ते हरवतात; भारतात इतका लांब पाठपुरावा फार दुर्मीळ. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ भरला, पुऱ्या वजनाच्या मुलांचा ९७.२. जी अपुऱ्या दिवसांची होती आणि त्या दिवसांच्या मानानेही बारीक होती, ती सर्वांत मागे. बहुतेक मुलं साध्या शाळेत होती, साधी दिसत होती. पण डोळ्यांनी पाहिलेलं हाताने उतरवणं त्यांना जड जात होतं. लिहिणं आणि गणित, दोन्ही ठिकाणी अडत होतं.

जर्मनीतल्या बव्हेरियात १९८५-८६ मध्ये जन्मलेल्या मुलांचा असाच अभ्यास झाला आणि गणिताचं तेच दिसलं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पंचविसाव्या आठवड्यापर्यंत जन्मलेल्यांचा अभ्यास झाला, त्यात लक्ष न टिकणं, घाबरेपणा, मित्र जोडायला जड जाणं दिसलं. ही मुलं वर्गात दंगा करत नाहीत. खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून शिक्षकांच्या नजरेत येत नाहीत. पालकसभेत "हुशार आहे, पण मन लावत नाही" असं सांगितलं जातं. घरी आल्यावर मार पडतो. जन्म कितव्या आठवड्यातला, हे शाळेच्या कुठल्याही फॉर्मवर विचारलेलं मी पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट, आपल्या गुटगुटीत बाळाच्या हौसेबद्दल. पुण्याच्या त्याच रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मुलं आठ वर्षांची झाल्यावर तपासली. जन्मताना बारीक आणि आठव्या वर्षी वजनदार अशी जी मुलं होती, त्यांच्यात पुढे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या खुणा सर्वांत जास्त सापडल्या. म्हणून बाळाला तूपसाखर चारून महिन्यात बाळसेदार करायचा हट्ट धरू नये. तिशीत पोचलेल्या अपुऱ्या दिवसांच्या माणसांत रक्तदाब थोडा चढा आढळतो, ते मूत्रपिंडातल्या त्या कमी पडलेल्या गाळण्यांशी जोडलं जातं. वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा, एवढं पुरे.

काही बाळं लवकर येतात ती आणली म्हणून. जुळी-तिळी, आईचा वाढलेला रक्तदाब, यांत डॉक्टरांचा नाइलाज असतो. पण मुहूर्त पाहून, सुट्ट्या पाहून, छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात सिझेरियनची तारीख मागणारी घरं मी ओळखते. नक्षत्रासाठी बाळाच्या पदरातले दोन-तीन आठवडे काढून घेणं मला अन्याय वाटतो, आणि अशी तारीख देणारे डॉक्टरही त्यात सहभागी आहेत.

कागदावर व्यवस्था आहे. आशाताईंच्या भेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या, नंतर तीन-तीन महिन्यांनी. जिल्हा पातळीवर मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखण्यासाठी केंद्रं, २०१३ पासून. मराठवाड्यातली ती बाई मला म्हणाली होती, "ताई, एका खेपेला दोन रोज बुडतात. एक माझा, एक ह्यांचा. आन् तिथं गेल्यावर कळतं, आज डोळ्याचे डॉक्टर न्हाईत, कानाचेच हायेत." तिच्यासाठी डोळे, कान, वजन, व्यायाम हे सगळं एकाच दिवशी, एकाच छताखाली व्हायला हवं होतं, आणि त्या दिवसाची तारीख सुट्टीच्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहायला हवी होती. याला मोठा खर्च येत नाही.

माझा भाचा आता सहावीत आहे. गोष्टी सुरेख सांगतो, पावसाळ्यात अजून श्वासाचा पंप जवळ ठेवतो. तिसरीपासून गणितात मागे पडत गेला. बहिणीने कपाटावरची फाईल खाली काढली आणि ती घेऊन शाळेत गेली. बाईंनी ती शांतपणे वाचली. मग त्याची जागा खिडकीपासून हलवून पुढे आणली, आणि आखीव वहीऐवजी चौकटीची वही आणायला सांगितली. एका चौकटीत एक आकडा. त्याचे आकडे घसरायचे, एककाखाली दशक जायचं. बेरीज त्याला येत होती, मांडणी येत नव्हती.

परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा तो भागाकार करत होता. लांबलचक, पाच पायऱ्यांचा. प्रत्येक आकडा चौकटीत, पेन्सिल घट्ट धरल्यामुळे बोटाचं टोक पांढरं पडलेलं. खाली आला आणि थांबला.

"मावशी, बाकी शून्य आली. म्हणजे बरोबर ना?"

"ताळा करून बघ."

त्याने वही फिरवून घेतली आणि गुणाकार मांडायला लागला.